टेप चालू असताना

१२ फेब्रुवारी

बारके,

वर काय लिहावं यातच सकाळ गेली. ‘प्रिय’ लिहिलं, खोडलं. ‘सप्रेम नमस्कार’ लिहिलं तर माझं मलाच हसू आलं. एवढा मानपान आपल्यात कधी होता? शेवटी तोंडात बसलंय तेच लिहिलं. तू आता चव्वेचाळीस वर्षांची, सात वर्षांच्या मुलीची आई. सख्ख्या भावाने ‘बारके’ म्हटलेलं अजून चालतं की नाही, ठाऊक नाही. चिड हवं तर, पण पत्र फाडू नकोस. पत्ता मावशीने दिला. तिच्यावर राग काढू नकोस, मी दोन महिने तिच्यामागे भुणभुण लावली तेव्हा कुठे दिला.

आधी कामाचं. गाळा नऊच्या तिन्ही कॅसेट पुन्हा निघणार आहेत. आपलं ते ध्यान अजून कोणाला हवंय यावर माझाही विश्वास बसला नव्हता. पण एक कंपनी आहे, चार माणसांची, ती असलंच सगळं काढते. कोणी भंगार बडवलेलं, कोणी रेडिओची खरखर तासभर लावून ठेवलेली. त्यांच्यातला एक गृहस्थ मला शोधत दुकानात आला. मी पंख्याच्या मोटरचं वाइंडिंग करत होतो, हातात तांब्याची तार. तो विचारतो, ‘गाळा नऊ म्हणजे तुम्हीच ना?’ मी म्हटलं, ‘हा गाळा दोन. नऊ मागच्या बाजूला होता, तो पाडला.’ बिचारा खरंच मागे वळून निघाला होता. हाक मारून बसवला त्याला.

वेल्डरचा होकार आलाय. तो आता गेटं आणि खिडक्यांच्या जाळ्या करतो. उजवा कान पूर्ण गेला, आणि डाव्याचीही तयारी चाललीय असं तोच सांगतो. त्याच्याशी फोनवर बोललं की माझ्या शेजारच्या दुकानदाराला सगळा मजकूर आपोआप कळतो.

राहिली तुझी सही. आवाज तुझा होता, जे काही शब्द होते ते तुझे होते. तुझ्याशिवाय आम्ही दोघं म्हणजे रविवारी पत्रे बडवणारे दोन रिकामटेकडे. तू नाही म्हणालीस तर विषय संपला. जोर करायचा हक्क मला उरलेला नाही, एवढं कळतं.

मावशीने भाचीचा फोटो दाखवला. पुढचे दोन दात पडलेले आणि हसण्यात कसलीही लाज नाही. मी फोटो मागितला तर मावशी म्हणाली, ‘तिच्या आईला विचारून देते.’ बरोबर आहे तिचं. ती तुझ्या बाजूची आहे, आणि असावी.

जुन्या टेपा साफ करायला कंपनीने एक बाई नेमल्यात. शांत आहेत, माझ्याच वयाच्या, कानांची फार ख्याती आहे त्यांच्या. ‘दुपार’ कॅसेटची मूळ टेप मी त्यांना दिली. त्या टेपेबद्दल तुझ्याशी थोडं बोलायचं होतं, पण ते पत्रात नको. कधी भेटलो तर.

सही कर किंवा करू नकोस. दोन ओळी मात्र लिही.

दादा


३ मार्च

बारके,

तुझं उत्तर नाही. मला वाटलंच होतं. तरी रोज पोस्टमन गेला की मी दुकानाच्या पायरीवर उगाच घुटमळतो. तो आता लांबूनच हात हलवून ‘नाही’ म्हणतो.

टेपवाल्या बाईंनी सांगितलंय की कॅसेटबरोबर एक पुस्तिका द्यायचीय, तुमची हकिकत लिहून द्या. मी काय लेखक? पण बसलो, आणि लिहिता लिहिता लक्षात आलं की हे सगळं मी तुलाच सांगतोय. म्हणून तुलाच पाठवतो. चुकलं असेल तिथे दुरुस्त कर.

तू तेव्हा वीस वर्षांची. फोन कंपनीच्या तक्रार विभागात दिवसभर शिव्या ऐकून ‘मी आपली काय मदत करू शकते?’ म्हणायचीस, इतक्या गोड आवाजात की घरी आई म्हणायची, ‘अगं, घरात तरी माणसासारखी बोल.’ रविवारी माझा डबा घेऊन गाळ्यात आलीस. मी पत्र्यावर घण घालत होतो, वेल्डर ग्राइंडर घेऊन ठिणग्या उडवत होता. आम्हाला वाटत होतं आपण काहीतरी भयंकर करतोय. तू डबा ठेवलास, पाच मिनिटं कानावर हात ठेवून उभी राहिलीस आणि मग म्हणालीस, ‘मी ओरडू?’

तू ओरडलीस. वेल्डरने ग्राइंडर बंद केला आणि मला म्हणाला, ‘आता आपली दोघांची काय गरज?’

पहिला कार्यक्रम हॉलच्या तळघरात. अकरा माणसं आली, सहा उठून गेली. उरलेल्यांतल्या एकाने पोलिसांना फोन केला म्हणे. शेवटी वॉचमनने फ्यूज काढला आणि खिशात घालून घरी गेला. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, ‘हा कार्यक्रम नव्हता, शेजाऱ्यांवरचा हल्ला होता.’ मी तोंड पाडून बसलो होतो. तू ते कात्रण कापून शटरवर डकवलंस आणि आल्यागेल्याला वाचून दाखवायला लागलीस.

त्याच शटरवर तू खडूने आपला नियम लिहिला होतास. ज्याच्या जागेतला आवाज घ्यायचा त्या माणसाला आधी विचारायचं. बाटल्यांच्या कारखान्यात सरकत्या पट्ट्यापाशी बसणारी ती बाई ‘नको’ म्हणाली होती, आठवतं? बाटल्यांचा काय किणकिणाट होता तिथे! मी माइक काढलासुद्धा होता. तू माझ्या हातातून तो घेतलास, त्या बाईला ‘बरं ताई’ म्हणालीस आणि बाहेर पडलीस. आठवडाभर मी तुझ्याशी धड बोललो नाही. मला वाटायचं, आवाज हवेत असतो, त्याला कसला मालक?

आईने मात्र कधी मोडता घातला नाही. शर्टाच्या कारखान्यात बावीस वर्षं कॉलर शिवल्या तिने, शंभर मशिनींच्या धडधडाटात. ती एकदाच कार्यक्रमाला आली. कानात कापूस घालून पहिल्या रांगेत बसली, शेवटपर्यंत हलली नाही. बाहेर आल्यावर म्हणाली, ‘तुमचं ते ठीक आहे. पोरीच्या घशाचं बघा.’ आणि तो पत्रे ठोकणाऱ्या प्रेस शॉपचा कामगार, ज्याने पुढे येऊन वेल्डरचा हात धरला होता! ‘दिवसभर हेच ऐकतो,’ म्हणाला, ‘पण ते माझ्या अंगावर येतं. आज पहिल्यांदा कोणीतरी माझ्या बाजूने वाजवलं.’ त्या एका वाक्यावर आपण दोन वर्षं काढली.

मग आई गेली. आणि ‘दुपार’ आली. त्याआधी आपल्याला दीडशे माणसं ओळखत होती. ‘दुपार’ने आपल्याला दोन परक्या देशांत नेलं. सहा वर्षं तू रोज त्या धडधडीवर उभी राहून ओरडलीस, आणि समोरची माणसं डोळे मिटून ऐकायची. खाली जे सारखं धडधडतंय तो गाळ्यातला कॉम्प्रेसर आहे असं मी तुला सांगितलं होतं. एका मासिकवाल्याला मात्र खरं बोलून गेलो. कौतुकाने विचारत होता, जीभ सैल सुटली.

लॉजच्या नाश्त्याच्या टेबलावर तू ते मासिक माझ्या कपापुढे ठेवलंस. ‘आईचं ऑक्सिजनचं मशीन? खरंय हे?’ मी म्हणालो, ‘सांगणारच होतो.’ तू म्हणालीस, ‘तिला विचारलं होतंस?’ मी म्हणालो, ‘ती शुद्धीत कुठे होती?’ तू उठलीस. वर गेलीस, बॅग घेतलीस, आणि दहा वर्षं झाली.

हे सगळं मी पुस्तिकेत घालणार नाही. पण तू वाचावंस असं वाटलं.

दादा


२१ मार्च

बारके,

हे पत्र तू वाचलं नाहीस तर मी सुटलो, असं एक मन म्हणतंय. म्हणूनच रजिस्टर करून पाठवतोय, म्हणजे माझी पळवाट बंद.

परवा टेपवाल्या बाईंचा फोन आला. म्हणाल्या, ‘दुपार साफ करतेय. खाली एका बाईचा आवाज आहे. दोनदा. ताईंच्या ओरडण्याखाली दबलाय. कोणाला तरी हाक मारतायत वाटतं. हे असायला हवंय की चुकून आलंय? वर आणू की काढून टाकू?’

मी म्हणालो, उद्या सांगतो. फोन ठेवला आणि हातातली मोटर दोनदा उलटी गुंडाळली. तीस वर्षांत असं झालं नव्हतं.

तो आवाज आईचा आहे. चुकून आलेला नाही. मला माहीत होता.

आता क्रमाने सांगतो. त्या दिवशी डॉक्टर सकाळी नऊला येऊन गेले. जाताना जिन्यात थांबून मला म्हणाले, ‘घरच्यांना बोलावून घ्या.’ हे वाक्य मी तुला कधीच सांगितलं नाही. तू आणि वेल्डर आदल्या दिवशीच सामान घेऊन पुढे गेला होतात. महोत्सवातला आठशे खुर्च्यांचा हॉल, आठ वर्षं ज्याची वाट पाहिली तो कार्यक्रम. बारा वाजता तुझा फोन आला. ‘कशी आहे? मी येऊ का?’ मी म्हणालो, ‘झोपलीय. ठीक आहे. कार्यक्रम करून उद्या ये.’

बाराला निघाली असतीस तर सव्वातीनला घरी पोचली असतीस. आई गेली चार वाजून दहा मिनिटांनी. मी तुला कळवलं ते कार्यक्रम संपल्यावर. ते तुला माहीत आहे, त्यावरून तू मला बोललीस आणि नंतर मोठ्या मनाने माफही केलंस. पण तेव्हा तुला वाटत होतं की ती अचानक गेली.

दोनच्या सुमाराला मशीनचा आवाज बदलला. चाकांवरचं ते खोकं, दिवसभर एका लयीत घरघरायचं. आता दर तिसऱ्या फेऱ्याला काहीतरी अडकायचं, टक् व्हायचं, आणि मग हवा सुटायची. मला कसं सांगू, बारके, इतका चांगला आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. मला लाज वाटतेय, पण तसंच वाटलं होतं. मी कपाटावरून रेकॉर्डर काढला. एक माइक मशीनच्या अंगाला चिकटवला, एक आईच्या उशाशी ठेवला. आई चाललीय हे मला कळत होतं आणि मी आवाजाची लेव्हल बघत होतो. लिहिलं एकदाचं.

आई बोलली तेव्हा माझ्या कानावर हेडफोन होते, त्यामुळे माझ्या ध्यानात आलं नाही. नंतर टेप ऐकताना कळलं. ती म्हणते, ‘बारकी आली का?’ मग थोड्या वेळाने, ‘तिला बोलव ना.’

दुसऱ्या दिवशी तू दारात चपलाही न काढता विचारलंस, ‘माझं नाव काढलं का तिने?’ मी म्हणालो, ‘नाही गं, झोपेतच गेली.’

आणि आता सगळ्यात वाईट. माझ्याकडे चाळीस मिनिटांचं रेकॉर्डिंग होतं. ‘दुपार’साठी कुठलाही तुकडा घेता आला असता. मी नेमका तोच घेतला, आणि तुला म्हणालो, इथे ओरड. इथे जोरात. इथे थांबू नकोस. मला वाटलं, तुझ्याच आवाजाखाली ते गेलं की कायमचं झाकलं जाईल. सहा वर्षं आई तुला हाक मारत होती आणि मी तुला त्याच्यावर ओरडायला उभं केलं.

टेपवाल्या बाईंना काय सांगू, ते आता तू ठरव. ती हाक तुझी आहे. काढ म्हणालीस तर काढतील, आणि मी पुन्हा तोंड उघडणार नाही.

दादा


२ एप्रिल

दादा,

तिन्ही पत्रं मिळाली. पहिली दोन वाचून ड्रॉवरमध्ये ठेवली होती. तिसरं वाचल्यावर ऑफिसातून दोन दिवस रजा घेतली. घरी काय सांगायचं ते सुचेना, म्हणून घसा धरलाय म्हटलं. लेक मला गरम पाणी आणून देत होती.

मी रडले नाही. तुझ्या दारात येऊन तुझा तो रेकॉर्डर तुझ्या डोक्यात घालावा असं वाटलं. अजून वाटतंय.

तू विचारलंस म्हणून सांगते. तिचा आवाज वर आण. माझा काढून टाक. सगळाच्या सगळा. मला तिला ऐकायचंय, माझ्याशिवाय.

सहीचं नंतर बघू.

आणि एक. मी चौदा वर्षं तुझ्याबरोबर काम केलंय, मला कोणी बाहेरची समजू नकोस. हेडफोन होते म्हणून ऐकू आलं नाही? उशाशी उघडा माइक ठेवून, लेव्हल वर करून, कानाला हेडफोन लावून? असं बसलं की शेजारच्या खोलीतला कागद फडफडलेलासुद्धा कळतो. ते तूच मला शिकवलंस. आई तुझ्या कानात बोलत होती. ते हेडफोनचं माझ्या गळी उतरवू नकोस.

तेव्हा नक्की काय झालं ते लिही. लिहिणार नसशील तर पुन्हा पत्र टाकू नकोस, मी उघडणार नाही. मला माझ्या मुलीला कधीतरी सांगावं लागेल की तिला मामा आहे की नाही. त्याआधी मला ते कळायला हवं.

बारकी


१९ एप्रिल

बारके,

तुझं पत्र दुकानात उभ्या उभ्या वाचलं. गिऱ्हाईक समोर होतं, त्याला म्हटलं उद्या या. शटर ओढलं आणि आत बसलो. चौदा दिवस कागद पुढे घेऊन बसतोय, उठतोय. आज लिहितो.

ऐकू आलं होतं. पहिल्याच शब्दाला ऐकू आलं.

काल टेपवाल्या बाईंकडे गेलो होतो. लहान खोली आहे त्यांची, भिंतींना जाड गाद्या लावलेल्या. मी तुझं म्हणणं सांगितलं. त्यांनी का म्हणून विचारलं नाही. तुझा आवाज टेपेच्या वेगळ्या ट्रॅकवर होता, तो त्यांनी हळूहळू खाली घेतला. तुझ्याशिवाय ‘दुपार’ मी पहिल्यांदाच ऐकत होतो. आमचे घण आणि पत्रे नुसतेच आदळत राहिले, कोणाचा राग कोणावर ते कळेना. मग मीच म्हणालो, आमचंही काढा. वेल्डरचा ग्राइंडर गेला, मग पत्रे, मग माझा घण. उरलं ते मशीन.

बाईंनी मशीनची घरघर जेवढी मागे नेता येईल तेवढी नेली, आणि आई आली. अगदी शेजारी बसून बोलल्यासारखी. मी खुर्चीचा दांडा धरून बसलो होतो. बाई माझ्याकडे बघत नव्हत्या, पण त्यांनी पाण्याचा ग्लास माझ्या बाजूला सरकवला.

आणि मग एका पुरुषाचा आवाज आला. तो इतकी वर्षं मशीनच्या घरघरीत पार बुडालेला होता. बाईंनी टेप थांबवली. ‘हे तुम्ही?’ मी हो म्हणालो. त्यांनी बटणावरचा हात काढला. मग हळूच म्हणाल्या, ‘हे काढता येईल. ताईंना कळणारसुद्धा नाही.’ चांगल्या मनाने म्हणाल्या. माझ्या तोंडावर ‘हो, काढा’ आलं होतं, हे तुझ्यापासून लपवत नाही. तेवढं एक वाक्य गेलं असतं तर मी तुला हीच टेप पाठवली असती आणि लिहिलं असतं, हो, ऐकू आलं होतं, घाबरलो होतो म्हणून बोललो नाही. तू कदाचित समजून घेतलं असतंस. माणूस घाबरतो.

मी म्हणालो, राहू दे.

गाळ्यात आपण रेकॉर्डिंगला टेप लावली की कोणी हूं की चूं करायचं नाही. वेल्डरला एकदा शिंक आली तेव्हा त्याने पोत्यात तोंड खुपसलं होतं. कोणी बोललं की मी ओरडायचोही नाही, हलक्या आवाजात एकच वाक्य म्हणायचो, आणि सगळे गप्प व्हायचे. हजार वेळा म्हटलं असेन. विचार करून म्हणायची गोष्टच नव्हती ती, आपोआप यायचं. म्हणून सुटका मागत नाही. तू विचारलंस नक्की काय झालं, ते तू समजावंस म्हणून लिहितोय.

या पाकिटात एक कॅसेट आहे. तू सांगितलंस तशी. तू नाहीस, आम्ही नाही, फक्त ती खोली. दुसरी प्रत नाही. टेपवाल्या बाईंनी माझ्यासमोर त्यांच्याकडची पुसली. कंपनीला मी कळवलंय की ‘दुपार’ निघणार नाही, बाकी दोन कॅसेटचं तू सही केलीस तर बघू, नाहीतर तेही राहिलं. ही टेप तू ठेव, जाळ, कोणाला ऐकव, तुझी आहे. लेकीला मामा आहे की नाही तेही तूच ठरव. मी विचारायला येणार नाही.

एकटीने ऐकू नकोस. घरात कोणीतरी असू दे.

टेपेवर काय आहे ते आधी सांगून ठेवतो, म्हणजे अचानक अंगावर येणार नाही. आई म्हणते, ‘बारकी आली का?’ मी काही बोलत नाही. मशीनची घरघर चालू. मग ती म्हणते, ‘तिला बोलव ना.’ आणि मी म्हणतो, ‘आई, दोन मिनिटं गप्प राहा. टेप चालू आहे.’

आई म्हणते, ‘बरं.’

यापुढे टेपेवर तिचा आवाज नाही. तुला मी सांगत आलो की ती झोपेत गेली. ती झोपली नव्हती. डोळे उघडे होते, ती माझ्याकडे बघत होती, आणि मी बोटाने तिला खूण करत होतो, अजून थोडं, अजून थोडं. दोन मिनिटं म्हटलं होतं मी. टेप चाळीस मिनिटं चालली. ती संपल्यावर मी वायरी गुंडाळल्या, माइक पुसून डब्यात ठेवला, आणि आईला ‘आता बोल’ म्हणायचं विसरलो.

दादा